दागेर रस्त्यावरचं घर: आन्येस वार्दाची पासष्ट वर्षं

एका तरुण मैत्रिणीचा प्रश्न असा आहे: ‘ताई, मी छोटे माहितीपट करते. घरी अडीच वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे बाहेरगावची शूटिंग बंद झाली आहेत. फिल्म सोसायटीतल्या एका ज्येष्ठांनी सांगितलं, आन्येस वार्दा बघ. तिची कारकीर्द नेमकी कशी झाली? सुरुवात कुठून करू? आणखी एक, मी स्वतःच्या पैशातून केलेली फिल्म एक संस्था विकत घेऊ पाहते आहे, पण तिला सगळे हक्क कायमचे हवे आहेत. देऊ का?’

हे प्रश्न तीन वाटतात, पण फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शिका वार्दाच्या बाबतीत त्यांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. पॅरिसच्या चौदाव्या विभागात दागेर नावाचा एक साधा, दुकानांचा रस्ता आहे. तिथल्या घरात ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला राहायला गेली आणि २९ मार्च २०१९ ला तिचं निधन झालं तोवर तेच तिचं घर होतं. त्याच घरात तिची फोटोंची डार्करूम होती, तिथेच पुढे संकलनाची खोली आली, फिल्म कंपनीचं ऑफिस आलं, मुलं वाढली, नवरा आजारी पडला. मी सव्वीस वर्षं संकलन करते आहे आणि त्यातली बरीचशी इतरांनी सांगितलेली कामं आहेत. वार्दाकडे मी पुन्हापुन्हा वळते ती या घरासाठी. प्रत्येक फिल्म कुठल्या पैशात, कुठल्या अडचणीत, कुठल्या खोलीत झाली हे तिच्याइतकं उघडपणे फार कमी दिग्दर्शकांनी दाखवलं आहे.

जन्म ३० मे १९२८, ब्रसेल्सजवळच्या इक्सेलमध्ये. वडील ग्रीक, आई फ्रेंच. पाळण्यातलं नाव आर्लेत. आर्ल गावात गर्भ राहिला म्हणून आर्लेत! अठराव्या वर्षी तिने ते बदलून आन्येस केलं. १९४० मध्ये युद्धामुळे हे कुटुंब दक्षिणेला सेत या बंदराच्या गावी आलं आणि तिथे धक्क्याला बांधलेल्या एका बोटीवर राहिलं. पाच भावंडं आणि एक बोट. पुढे तिच्या फिल्ममध्ये समुद्र, वाळू, जाळी, मासेमार सारखे येत राहतात ते इथून.

पॅरिसला तिने साहित्य, कलेचा इतिहास असं बरंच काही ऐकलं, शिकलं, पण हातात कौशल्य म्हणून घेतली ती फोटोग्राफी. सेतचेच झां विलार आव्हिन्योंचा नाट्यमहोत्सव चालवत होते, पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय लोकनाट्य संस्थेचेही प्रमुख झाले. वार्दा त्यांची छायाचित्रकार झाली. जेरार फिलिपसारख्या नटांचे तिने काढलेले फोटो आजही छापले जातात. नाटकाचा फोटोग्राफर काय शिकतो, तर थांबायला शिकतो. नट कुठे येऊन उभा राहणार हे आधी ओळखायचं आणि त्या जागेची चौकट धरून बसायचं. तिच्या पहिल्या फिल्ममधल्या चौकटी अशाच धरून बसलेल्या आहेत.

ती पहिली फिल्म म्हणजे ‘ला प्वांत कूर्त’. १९५४ च्या उन्हाळ्यात चित्रण झालं तेव्हा वार्दा सव्वीस वर्षांची होती. कुणाची साहाय्यक म्हणून काम केलेलं नव्हतं, फिल्मशाळेत गेलेली नव्हती, आणि तोवर जेमतेम दहाएक सिनेमे पाहिले होते असं ती स्वतः सांगायची. सेतमधल्या मासेमारांच्या वस्तीचं नाव ला प्वांत कूर्त. फिल्ममध्ये दोन धागे आहेत. एका बाजूला वस्तीतली माणसं, त्यांचं बंदी असलेल्या पाण्यात शिंपले गोळा करणं, आरोग्य खात्याच्या तपासनिसांना चुकवणं, लग्नं, एका मुलाचा मृत्यू. दुसऱ्या बाजूला याच वस्तीत जन्मलेला एक पुरुष आणि पॅरिसहून आलेली त्याची बायको. दोघं गल्लीबोळांतून फिरत वेगळं व्हायचं की नाही यावर बोलतात. धागे आळीपाळीने येतात पण एकमेकांत मिसळत नाहीत. ही रचना तिने विल्यम फॉकनरच्या एका कादंबरीतून उचलली, तिथेही दोन कथा अशाच एकाआड एक चालतात.

संकलक म्हणून मला या फिल्ममधली एक गोष्ट अजून खिळवून ठेवते. जोडपं दूर, पार गल्लीच्या टोकाला असतं, तरी त्यांचा आवाज कानाशी बोलल्यासारखा जवळ राहतो. शूटिंगच्या वेळी ध्वनिमुद्रण परवडत नव्हतं म्हणून आवाज नंतर भरला, हे कारण. पण नंतर भरताना अंतर ‘खरं’ वाटावं म्हणून आवाज लहान करणं सहज शक्य होतं. तिने ते केलं नाही. परिणाम असा की गाव डोळ्यांना लांब दिसतं आणि त्या दोघांचं भांडण मात्र आपल्या खांद्याशी येऊन बसतं.

पैसे? तिने स्वतःची छोटी कंपनी काढली, नाव तामारी फिल्म. तंत्रज्ञ आणि फिलिप न्वारे, सिल्विया माँफोर हे नट सहकारी तत्त्वावर आले, म्हणजे पगार नाही, फिल्मच्या मिळकतीत हिस्सा. न्वारेंची ही पहिली मोठी भूमिका. संकलनाला बसले आलें रेने, जे पुढे स्वतः फार मोठे दिग्दर्शक झाले. त्यांनी आधी नकार दिला होता, कारण हिचे प्रयोग त्यांच्या स्वतःच्या मनातल्या प्रयोगांच्या फार जवळ जात होते. मग मात्र बसले. काम करता करता ते म्हणायचे, हे दृश्य इटालियन दिग्दर्शक विस्कोंतीची आठवण करून देतं, आणि तिला विस्कोंती कोण ते ठाऊक नसायचं. रेनेंनी तिला पॅरिसच्या सिनेमाथेकची, म्हणजे जुने सिनेमे जपून दाखवणाऱ्या संस्थेची, वाट दाखवली. अशी माणसं पहिल्या फिल्मला भेटावी लागतात. मला भेटली होती, म्हणून सांगते.

त्रूफो आणि गोदार हे फ्रेंच सिनेमातल्या ‘नव्या लाटे’चे म्हणून ओळखले जाणारे दिग्दर्शक. त्रूफोची पहिली मोठी फिल्म १९५९ ची, गोदारची १९६० ची. वार्दा त्यांच्या पाच वर्षं आधी, नटांना आणि खऱ्या वस्तीतल्या माणसांना एकत्र घेऊन, स्टुडिओबाहेर, स्वतःच्या कंपनीतून हे करून बसली होती. म्हणून वयाच्या तिशीतच तिला ‘नव्या लाटेची आजी’ म्हणू लागले. ते बिरूद प्रेमाचं असलं तरी त्याने एक नुकसान केलं. आजीला मान मिळतो, निर्माता मिळत नाही. पुढची लांबीची फिल्म मिळायला तिला सात वर्षं लागली.

त्या सात वर्षांतलं एक काम तुम्ही नक्की बघा. पर्यटन खात्याने सांगितलेले लघुपट ती करत होती, ल्वार नदीकाठचे किल्ले, दक्षिणेचा समुद्रकिनारा वगैरे. त्याच काळात, १९५८ मध्ये, पोटात पहिली मुलगी असताना तिने एक उसना १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेतला आणि मूफतार रस्त्याच्या बाजारात जाऊ लागली. त्यातून ‘लोपेरा-मूफ’ हा सतरा-अठरा मिनिटांचा लघुपट झाला. बाजारातली म्हातारी, दारुडी, थकलेली माणसं ती बघते आणि गरोदर बाई म्हणून तिच्या मनात येतं की हा प्रत्येक जण कधीतरी कुणाचं तान्हं बाळ होता. पोटात आशा आणि समोर ही दैन्यावस्था, दोन्ही एकदम. गरोदर बाईच्या मनातली भीती पडद्यावर इतक्या उघडपणे तोवर कुणी आणली होती असं मला वाटत नाही. मुलगी झाली, रोझाली. आज आईची कंपनी तीच सांभाळते, तिचा भाऊ मात्यूसह.

त्याच वर्षी फ्रान्समधल्या तूर शहरातल्या लघुपट महोत्सवात तिची भेट दिग्दर्शक झाक देमीशी झाली. १९६२ मध्ये लग्न. देमीचा निर्माता जॉर्ज द बोरगार गोदारच्या यशामुळे खूश होता आणि स्वस्तात होणाऱ्या फिल्म शोधत होता. देमीने वार्दाचं नाव सांगितलं. बजेट तुटपुंजं. वार्दाने हिशेब केला, की पॅरिसमध्येच, एकाच दिवसात, मोजक्या माणसांत घडणारी गोष्ट हवी. त्या हिशेबातून ‘क्लेओ ५ ते ७’ निघाली.

क्लेओ ही गायिका. कर्करोग आहे की नाही याचा अहवाल संध्याकाळी मिळणार आहे. तोवरची दीड तासाची घालमेल, जवळपास घड्याळाच्या वेळेत. २१ जून १९६१, वर्षातला सर्वांत मोठा दिवस. सुरुवातीला भविष्य सांगण्याची टॅरोची पानं दिसतात ती रंगीत, बाकी सगळं कृष्णधवल. पहिल्या भागात सगळे क्लेओकडे बघतात आणि ती आरशांत स्वतःकडे. मधल्या एका गाण्यानंतर ती केसांचा टोप काढते, काळा पोशाख घालते, रस्त्यावर येते, आणि तिथून पुढे ती इतरांकडे बघायला लागते. आता कॅमेरा तिच्या नजरेतून लोकांचे चेहरे शोधतो. संगीतकार मिशेल लग्रां स्वतः पियानोवर बसलेला दिसतो. शेवटी बागेत भेटतो तो फ्रान्सच्या अल्जीरियातल्या युद्धावर परत निघालेला एक शिपाई, म्हणजे मरणाच्या दारात उभा असलेला दुसरा माणूस. ती एकटीची भीती तिथे देशाची भीती होते, आणि वार्दा त्यासाठी एकही भाषण लिहीत नाही.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगते. १९६५ ची ‘ल बोनर’, म्हणजे सुख. एक सुतार, त्याची बायको, दोन मुलं, सहली, मोत्सार्ट, सूर्यफुलं. तो दुसरीच्याही प्रेमात पडतो, बायकोला मोकळेपणाने सांगतो, आणि बायको तळ्यात बुडालेली सापडते. दुसरी येऊन तिची जागा घेते, तीच सहल, फक्त आता शरद ऋतू. दृश्यं काळ्या पडद्यात विरण्याऐवजी लाल, निळ्या रंगांत विरतात. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ हे बक्षीस मिळालं आणि पुष्कळ लोक चिडले. मला ती तिची सर्वांत निर्दय फिल्म वाटते आणि मी ती वर्षातून एकदाच बघू शकते. पुढची ‘ले क्रेआत्यूर’ साफ पडली. चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, वार्दाने त्याच फिल्मची जुनी रिळं सोडवून पट्ट्यांच्या भिंती असलेली एक झोपडी प्रदर्शनात उभी केली आणि तिचं नाव ठेवलं ‘माझ्या अपयशाची झोपडी’. दरम्यान देमी हॉलिवूडला गेला तेव्हा तीही कॅलिफोर्नियात राहिली, कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीवर १९६८ मध्ये लघुपट केला. फ्रान्समध्ये परतल्यावर १९७१ मध्ये, गर्भपात बेकायदा असताना, आपण गर्भपात केला आहे असं जाहीर करणाऱ्या ३४३ स्त्रियांच्या पत्रकावर तिने सही केली.

आता तुमच्या घराकडे येऊ. १९७२ मध्ये मात्यू जन्मला, तेव्हा वार्दा चव्वेचाळीस वर्षांची होती. मूल सोडून शूटिंगला जाणं जमेना. जर्मन दूरचित्रवाणीकडून एक माहितीपट करण्याची संधी होती. तिने ठरवलं की दिव्यांसाठी वीज आपल्याच घराच्या मीटरवरून घ्यायची. वायर घरातून टाकायची, आणि ती जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंतच चित्रण करायचं. वायरीची लांबी शंभर मीटरही नव्हती. त्या शंभर मीटरच्या आतले पाववाला, खाटीक, शिंपी, घड्याळजी, मोटार चालवायला शिकवणारा, अत्तर-बटणं विकणारं म्हातारं जोडपं, हे सगळे मिळून ‘दागेरेओतीप’ ही फिल्म झाली, १९७५ ची. नावात खोच आहे. रस्त्याला नाव दिलं आहे ते फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेरचं, आणि त्याच्या पद्धतीच्या फोटोंना दागेरेओतीप म्हणत. तशा फोटोसाठी माणसाला निश्चल बसावं लागायचं. इथेही दुकानदार कॅमेऱ्यासमोर निश्चल उभे राहतात, फोटो काढून घ्यायला उभे राहावं तसे.

हा किस्सा आजकाल प्रेरणादायी भाषणांत फार ऐकू येतो, ‘बघा, बाईने वायरीचीच कला केली’. मला ते ऐकून राग येतो. वार्दा त्या वायरीला नाळ म्हणायची. नाळ पोसते आणि बांधूनही ठेवते. दिग्दर्शक म्हणून वीस वर्षं काम केलेल्या बाईला रस्त्याच्या टोकापर्यंत जाता येत नव्हतं, ही अडचण खरी होती आणि तिने ती कधी गोड करून सांगितली नाही. शिवाय तिच्या बाजूला काय होतं तेही मोजा: पॅरिसमधलं घर, नाव झालेला नवरा, पैसे द्यायला तयार असलेली परदेशी वाहिनी, नूरित अवीवसारखी छायालेखिका. तुमच्याकडे यातलं काय आहे ते आधी कागदावर लिहा आणि मग वायरीची लांबी ठरवा. तिच्याशी बरोबरी करून स्वतःला दोष देऊ नका.

आता फिल्ममध्ये ती काय करते ते बघा. प्रश्न साधे आहेत: पॅरिसला कधी आलात? कुठल्या गावचे? बायको कशी भेटली? स्वप्नं काय पडतात? दुकानात गिऱ्हाईक येतं, वजन होतं, सुट्टे दिले जातात, आणि कॅमेरा गिऱ्हाईक गेल्यावरही थांबून राहतो. मध्येच कॅफेत एक जादूगार खेळ करतो आणि संकलनात त्याच्या हातांना लागून दुकानदारांचे हात येतात. तिकडे सुरी, इकडे खाटकाची सुरी. तिकडे पैसे गायब, इकडे गल्ल्यातले पैसे. नेहमीच्या कामातली जादू दाखवायला तिला निवेदनाचं वाक्य लागत नाही, दोन शॉट शेजारी ठेवणं पुरतं. आणि ते अत्तरवालं जोडपं! म्हाताऱ्या बाई जवळपास बोलत नाहीत. दिवस मावळायला लागला की त्यांना बाहेर जावंसं वाटतं, त्या दाराशी जातात आणि मग परत येतात. आपल्याकडे म्हातारं माणूस ‘घरी जायचंय’ म्हणून घरातच दाराशी उभं राहतं, ते ज्याने पाहिलं असेल त्याला पुढचं काही समजावून द्यावं लागत नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा मुलगा तीन वर्षांचा होता आणि मी रात्री तो झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर एडिट करत होते. त्या आठवड्यात मी माझ्या एका फिल्ममधल्या मुलाखतींची अर्धी बोलणी काढून टाकली आणि बोलून झाल्यावरची शांतता ठेवली. कामाची ती सवय मला तिथून लागली.

दहा वर्षांनंतरची ‘सां त्वा नी ल्वा’, मराठीत ‘ना छप्पर, ना कायदा’ असं म्हणता येईल. १९८५, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस ‘सुवर्णसिंह’. मोना नावाची भटकी मुलगी हिवाळ्यात एका चरात गारठून मेलेली सापडते, तिथून फिल्म सुरू होते. मग ज्यांनी तिला पाहिलं ती माणसं एकेक करून सांगतात: मेंढपाळ, मोलकरीण, झाडांची अभ्यासक, द्राक्षमळ्यातला मजूर. बरेचसे त्याच भागातले खरे लोक. सांद्रीन बोनेर तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती, तिला या भूमिकेसाठी सेझार हा फ्रान्सचा चित्रपट पुरस्कार मिळाला. मोना कुणाची कृपा मागत नाही, आभार मानत नाही, आंघोळ करत नाही, आणि आपल्याला तिची कीव करायची सोयच ठेवलेली नाही.

तुम्ही संकलन शिकत असाल तर त्यातले ट्रॅकिंग शॉट, म्हणजे कॅमेरा माणसाच्या बाजूने सरकत जातो ते, वेगळे काढून पाहा. डझनभर आहेत. सगळे उजवीकडून डावीकडे जातात, म्हणजे आपल्या वाचनाच्या दिशेच्या उलट. मोना चौकटीत येते, चालते, कॅमेरा तिला सोडून पुढे जातो आणि एखाद्या वस्तूवर थांबतो. मधली दहाएक मिनिटं वेगळीच दृश्यं येतात, आणि पुढचा ट्रॅकिंग शॉट त्या आधीच्या वस्तूशी जुळणाऱ्या कशावरून तरी सुरू होतो. बघताना हे कुणाला कळत नाही. पण फिल्म तुकड्यातुकड्यांची असूनही एकाच लांब रस्त्यासारखी वाटते ती या शिवणीमुळे. शब्द लिहितो तसं जागा निवडणं, चालीचा वेग, संकलन, आवाज या सगळ्यांनी फिल्म लिहिली जाते, यासाठी तिने ‘सिनेक्रित्यूर’ म्हणजे सिने-लेखन असा शब्द घडवला होता.

देमी १९९० च्या ऑक्टोबरमध्ये गेला. त्याच्या शेवटच्या महिन्यांत ती त्याच्याच बालपणावर ‘झाको द नांत’ ही फिल्म करत होती, नांतमध्ये त्याच्या वडिलांच्या खऱ्या गॅरेजमध्ये. मधूनमधून तिने त्याचं अंग अगदी जवळून चित्रित केलं आहे: त्वचा, केस, डोळा, हातावरचे डाग. आजार एड्सचा होता हे तिने २००८ मध्ये सांगितलं, तोवर त्याच्या इच्छेचा मान राखला. त्यानंतरचं तिचं एक काम बक्षिसांच्या यादीत दिसत नाही. देमीच्या फिल्म दुरुस्त करून घेणं, रंग परत मिळवणं, हक्क गोळा करणं, ‘शेरबूरच्या छत्र्या’ पुन्हा पडद्यावर आणणं, हे तिने वर्षानुवर्षं केलं. तामारीचं नाव आता सिने-तामारी झालं होतं आणि रस्त्यावरूनच दिसणाऱ्या त्या ऑफिसात स्वतःच्या फिल्मबरोबर नवऱ्याच्या फिल्मही शेल्फवर आल्या.

१९९५ ची सिनेमाच्या शंभरीवरची मोठी, ताऱ्यांनी भरलेली फिल्म आपटली. वय सदुसष्ट. कुणीही म्हटलं असतं, झालं आता. तेव्हा बाजारात हाताच्या पंजात मावणारे डिजिटल कॅमेरे आले.

‘ले ग्लानर ए ला ग्लानझ’ ही २००० सालची फिल्म. इंग्रजी नावातून जे हरवतं ते मराठीत सापडतं, कारण आपल्याकडे नेमका शब्द आहे: सरवा. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसं, शेंगा, दाणे, आणि ते वेचायला येणाऱ्या बाया. फ्रेंच नावात पहिला शब्द सरवा वेचणाऱ्या सगळ्यांसाठी आहे आणि दुसरा एकवचनी, स्त्रीलिंगी. ती वेचणारी म्हणजे कॅमेरा घेतलेली वार्दा. चित्रकार मियेच्या १८५७ च्या चित्रात वाकून वेचणाऱ्या तीन बाया आहेत, तिथून ती निघते आणि १९९९ च्या सप्टेंबरपासून फ्रान्सभर हिंडते. बटाट्याच्या शेतावर यंत्र ठरावीक आकाराचेच बटाटे घेतं, मोठे, वेडेवाकडे, हिरवट झालेले ट्रकने नेऊन ओतले जातात. तिथे तिला हृदयाच्या आकाराचे बटाटे सापडतात आणि ती ते घरी आणून ठेवते, कोंब फुटेपर्यंत. एक वकील काळा झगा घालून भाजीच्या शेतात उभा राहतो आणि कायद्याचं पुस्तक हातात धरून सांगतो की पीक काढून झाल्यावर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सरवा वेचायला मुभा आहे.

बाजार उठल्यावर फेकलेली भाजी तिथेच उभ्याने खाणारा एक माणूस तिला दिसतो. ती त्याच्याशी बोलते, मग पुन्हा भेटते, मग त्याच्या राहत्या ठिकाणापर्यंत पोचते. कळतं की तो जीवशास्त्रातला पदव्युत्तर माणूस आहे आणि संध्याकाळी स्थलांतरितांना फुकट लिहायला-वाचायला शिकवतो. फिल्ममध्ये हा माणूस शेवटाकडे येतो. वार्दाने तो आधी वापरला असता तर तो ‘गरिबांतला अपवाद’ झाला असता. तासभर इतर वेचणाऱ्यांबरोबर राहिल्यावर तो येतो, म्हणून त्याची ओळख आपल्याला धक्का न देता लाज आणते. माहितीपटाच्या संकलनात माणूस कधी आणायचा हा सर्वांत अवघड निर्णय, आणि तो इतका अचूक घेतलेला मी फार कमी पाहिला आहे.

एका हातात कॅमेरा धरून ती दुसऱ्या हाताचं चित्रण करते, सुरकुत्या, डाग. मोटारीतून जाताना समोरचे ट्रक बोटांच्या वर्तुळात पकडते. एकदा कॅमेरा बंद करायला विसरते आणि लेन्सचं झाकण दोरीला लटकून नाचत राहतं, ती त्यावर जॅझ लावून तेवढंच ठेवते. आपण असे शॉट रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं चित्रण, बघताना सरळ उडवतो. फिल्मच टाकून दिलेल्या गोष्टींबद्दल असताना ते उडवणं खोटं ठरलं असतं. पुढे २००३ मध्ये व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात तिने सातशे किलो बटाटे जमिनीवर ओतले आणि स्वतः बटाट्याचा पोशाख घालून फिरली. ती गेली तेव्हा दागेर रस्त्यावरच्या त्या दाराशी लोकांनी फुलांबरोबर बटाटे ठेवले.

नंतरचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल: स्वतःच्या आयुष्यावरची ‘ले प्लाज दान्येस’ २००८ ची, तरुण छायाचित्रकार जेआरबरोबर व्हॅनमधून गावोगाव हिंडून केलेली ‘व्हिझाज व्हिलाज’ २०१७ ची, त्याच वर्षी मानद ऑस्कर, जो त्याआधी कुठल्याही स्त्री दिग्दर्शकाला मिळाला नव्हता. २०१८ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या पायऱ्यांवर स्त्रियांच्या समान हक्कांसाठी ८२ स्त्रिया उभ्या राहिल्या त्यात निवेदन वाचणाऱ्या दोघींपैकी ती एक होती. शेवटची फिल्म २०१९ च्या फेब्रुवारीत बर्लिनला दाखवली आणि मार्चमध्ये ती गेली. मोंपारनासच्या दफनभूमीत देमीशेजारी तिची जागा आहे.

बघण्याचा क्रम विचाराल तर मी वर्षांप्रमाणे सांगणार नाही. आधी सरव्याची फिल्म, लगेच दुसऱ्या दिवशी ‘दागेरेओतीप’. मग ‘क्लेओ’. ‘ला प्वांत कूर्त’ चौथ्या क्रमांकाला, कारण तोवर तुमचा कान तयार झालेला असेल. ‘ना छप्पर, ना कायदा’ एकटीने आणि दिवसा पाहा. ‘ल बोनर’ घाईने पाहू नका.

आता हक्कांचा प्रश्न. वार्दाच्या आपटलेल्या फिल्मची झोपडी होऊ शकली, १९५४ ची फिल्म साठ वर्षांनीही तिच्याच ऑफिसातून दाखवायला जात होती, देमीच्या फिल्म वाचल्या, याचं कारण कागदोपत्री त्या घरात होत्या. माझ्या बाबतीत उलट झालं. पंधरा वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी पाणलोटाच्या कामावर माहितीपट केला. चाळीस तासांचे रशेस होते, त्यात आता हयात नसलेल्या माणसांच्या मुलाखती होत्या. संस्थेने हार्ड डिस्क ठेवून घेतल्या, पुढे माणसं बदलली आणि त्या डिस्क कुठे गेल्या ते कुणाला सांगता आलं नाही. कायद्याने माझं काही म्हणणं उरत नव्हतं. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फिल्म केली आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणाराच असतो. मी वेगळं काही लिहून घेतलं नव्हतं.

तुमची गोष्ट वेगळी आहे. पैसे तुमचे, निर्मात्या तुम्ही, म्हणून फिल्म आज तुमची आहे. ती कायमची देऊ नका. दाखवण्याचा परवाना द्या, मुदत लिहा, कुठल्या माध्यमासाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी तेही लिहा. हक्क सोपवण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसली तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसला तर भारतापुरता धरतो, म्हणूनच त्यांच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द मुद्दाम घातलेले असणार. ते दोन शब्द खोडून मसुदा परत पाठवा. रशेस कराराच्या बाहेर आहेत असं एक स्वतंत्र कलम घाला आणि त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. सही करण्यापूर्वी एखाद्या वकिलाला दाखवा. रक्कम थोडी कमी होईल. त्यांनी ‘सगळं किंवा काहीच नाही’ असं म्हटलं तर मला कळवा, मसुदा आपण दोघी मिळून वाचू.